बॉबकॅटला बंद केबिन, एसी आणि हसू नका, हीटरपण : सोलापुरातल्या कामाच्या नोंदी

३ ऑगस्ट २०२५

मशीन म्हणजे स्किड स्टीअर लोडर, पुढं बकेट असलेलं माल भरायचं छोटं मशीन, आपल्याकडं कंपनी कुठलीही असली तरी सगळे बॉबकॅटच म्हणतात. चार सिलिंडर डिझेल, पुढून चढायचं मॉडेल, उघडी केबिन, म्हणजे दोन्ही बाजूला लोखंडी जाळी आणि वर पत्रा, बाकी सगळं वाऱ्यावर. ऊस गाळपाच्या सीझनला हे साखर कारखान्याच्या बगॅस यार्डात, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याच्या ढिगांत असतं, उरलेल्या दिवसांत बांधकामाच्या साइटवर नाहीतर राख भरायला.

बगॅस कॅरिअरवरून पडतं तेव्हा निम्मं पाणीच असतं त्यात, तेव्हा धूळ नाही. पण ढीग लागून महिना दोन महिने झाले की वरचा थर कोरडा होतो आणि बकेट घातली की पिवळा धुरळा उठतो तो सरळ ऑपरेटरच्या तोंडात. जुन्या, आत कुजलेल्या बगॅसची धूळ तर फुफ्फुसाला वाईटच, बगॅसोसिस नावाचा आजारच आहे त्यावरून. आमच्या ऑपरेटरचा खोकला गेल्या सीझनला मार्चपर्यंत हटला नाही, यंदा तो म्हणाला मालक, केबिन करा नाहीतर मी ट्रॅक्टरवर जातो. बरोबर आहे त्याचं.

कंपनीच्या केबिन किटचं कोटेशन मागवलं, ते वाचून फोन खिशात ठेवला. म्हणून इथंच करायचं ठरवलं. सांगाडा अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्या मामांकडं, एसी ट्रॅक्टर केबिनचा कॉम्बो युनिट, म्हणजे एकाच डब्यात कूलिंग कॉइल, हीटर कॉइल आणि ब्लोअर. हीटर ऐकून मामा म्हणाले, "काय बे, सोलापुरात हीटर? मे महिन्यात ४४ डिग्रीला वडे तळणार का आत?" हीटर का, ते पुढं डिसेंबरच्या नोंदीत येईल.

एक नियम पहिल्या दिवशी खडूनं मशीनवर लिहून ठेवला: मूळ केबिनच्या खांबांना भोक नाही, वेल्डिंग नाही. तो पिंजरा मशीन उलटलं तर माणूस वाचावा म्हणून टेस्ट करून दिलेला असतो, त्यावर एक टाका मारला तरी त्या टेस्टचा काही अर्थ राहत नाही. सगळं काही क्लॅम्पनं नाहीतर कंपनीनं आधीच दिलेल्या भोकांतून.

१० ऑगस्ट

मापं. सोपं वाटलेलं, पण यातच रविवार गेला. बकेट उचलणारे लिफ्ट आर्म केबिनच्या बाजूनं वर जातात तेव्हा जाळी आणि आर्ममध्ये जेमतेम दोन बोटं जागा उरते, म्हणजे बाजूची काच जाळीच्या बाहेर लावायचा विचार सोडून द्यायचा, ती आतूनच बसणार. आतून बसवली की ऑपरेटरचं कोपर काचेला लागतं. मग जाळी आणि काच यांच्यात फक्त बीडिंगची, म्हणजे काचेच्या कडेच्या रबरी पट्टीची जाडी ठेवून काच शक्य तेवढी बाहेर ढकलली.

सरकती खिडकी पाहिजे असं ऑपरेटरचं म्हणणं होतं, म्हणजे पुडी टाकायला बरं. नाही म्हटलं. सरकत्या काचेच्या खाचेतून बगॅस येतोच, पुडीचा प्रश्न त्यानं सोडवावा.

टफन काच एकदा टफन झाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही, ग्राइंडर लावला तर चुरा. म्हणून प्रत्येक काचेचा साचा आधी ३ मिमी प्लायमध्ये कापून, बीडिंगसकट बसवून, दार उघडझाप करून बघितला आणि मगच प्लायचा तुकडा काचवाल्याला दिला. कागदावरचं माप देऊ नका, पिंजरा कुठंच काटकोनात नसतो, आमचा तर डावीकडं ६ मिमी झुकलेला निघाला.

१८ ऑगस्ट

पुढचं दार. २५ बाय २५ चा स्क्वेअर पाइप, २ मिमी जाडीचा, बिजागरी डावीकडं. टॅक, म्हणजे ठिकठिकाणी छोटे टाके मारून लावून बघितलं तर झकास, पूर्ण वेल्डिंग झाल्यावर खालचा उजवा कोपरा एक सेंटिमीटर पुढं आला. एकाच बाजूनं सलग वेल्ड ओढला की पाइप ओढला जाणारच. मामांनी दार फरशीवर आपटून सरळ केलं, मला ते काही पटलं नाही पण सरळ झालं खरं.

यातली खरी भानगड वेगळी आहे. दार पुढं उघडतं आणि पुढं बकेट आणि आर्मचा आडवा पाइप. आर्म पूर्ण खाली असतील तरच दार उघडतं, अर्धवट वर असतील तर दार आर्मला अडकतं आणि माणूस आत कोंडला जातो. उलटंही तसंच, दार उघडं असताना कुणी आर्म हलवला तर दार गेलं. कंपनीच्या दाराला यासाठी स्विच असतो, दार उघडं असलं की लिफ्ट बंद. आम्ही सीट बारच्या, म्हणजे ऑपरेटरच्या पुढं येणाऱ्या सेफ्टी दांड्याच्या सर्किटमध्ये सिरीजला एक लिमिट स्विच टाकला, ३५० रुपये. हा स्विच वाचवू नका.

पुढं काच कुठली यावर बरीच चर्चा झाली. पॉलिकार्बोनेट फुटत नाही, दगड फोडायचा ब्रेकर चालवणाऱ्यांनी तेच जाड घ्यावं. पण एका मित्राच्या मशीनला आहे ते, धुळीत कोरड्या फडक्यानं पुसून पुसून एका सीझनमध्ये असं झालंय की समोरून ट्रक येतोय का ढीग आहे ते कळत नाही. आमचं काम बगॅसचं, दगड उडत नाहीत, म्हणून पुढं लॅमिनेटेड काच आणि बाजूला ५ मिमी टफन.

२६ ऑगस्ट

काचा आल्या. बाजूच्या बरोबर. मागच्या काचेचे कोपरे गोल मागितले होते ते चौकोनी आले, परत पाठवली. उद्यापासून गणपती, वेल्डिंगवाली पोरं मंडळाच्या लेझीमला, त्यामुळं विसर्जनापर्यंत काम बंद. त्यांना बोलून उपयोग नाही, सोलापुरात लेझीमच्या आड कुणी येत नाही.

९ सप्टेंबर

काचा बसल्या, केबिन बंद झाली असं बाहेरून दिसतं. आत बसून इंजिन चालू केलं तर पाच मिनिटांत भट्टी. गरम हवा येते कुठून ते शोधायला टॉर्च खालून धरला आणि आतून बघितलं, तर फरशी म्हणजे चाळण. लिव्हरच्या खाली, पेडलच्या भोवती, वायरिंग जातं तिथं, सीटच्या मागं, सगळीकडून उजेड. आणि त्याच्या खाली हायड्रोस्टॅटिक पंप, म्हणजे गरम तेलाचा डबाच. उघड्या केबिनला हे कधी जाणवलंच नव्हतं.

पेडलच्या भोवती जुन्या कन्व्हेअर बेल्टचे तुकडे मधोमध चीर देऊन बोल्ट केले, लिव्हरला जीपच्या गिअर लिव्हरचे रबरी बूट, वायरिंगला ग्रोमेट. फरशीवर आणि सीटमागं १२ मिमी नायट्राइल रबर शीट, एसी डक्टला लावतात ती, आग न धरणारी बघून घेतली. सोफ्याचा फोम स्वस्त पडतो म्हणून एक जण सांगत होता, बगॅस यार्डात सोफ्याचा फोम इंजिनच्या डोक्यावर ठेवायचा म्हणजे कमाल आहे.

खालचा भाग एवढा बंद केला की बगॅस आत साठलेलं आता वरून दिसत नाही, आणि सायलेन्सरजवळ साठलेलं कोरडं बगॅस म्हणजे आगच. म्हणून फरशीच्या दोन प्लेट विंगनटवर ठेवल्यात, रोज शिफ्ट संपली की उघडून हवा मारायची. २ किलोचं पावडरचं फायर सिलिंडर दाराशेजारी.

१७ सप्टेंबर

कॉम्प्रेसर. हे काम सर्वांत जास्त डोकं खाणारं. कारच्या एसीवाल्यानं ब्रॅकेट चॅसिला वेल्ड करून दिला, बेल्ट ताणला, चालू केलं, छान. बंद केलं तर बेल्ट उडून रेडिएटरच्या जाळीवर. परत घातला, परत उडाला. कारण साधं आहे, इंजिन रबर माउंटिंगवर बसलेलं असतं, चालू होताना आणि बंद होताना ते गचका खातं, कॉम्प्रेसर चॅसिवर स्थिर, मग पुलीची लाइन हलते. कॉम्प्रेसर इंजिनवरच पाहिजे, ब्लॉकच्या मोकळ्या बोल्टभोकांवर.

लेथवाल्याकडून १२ मिमी प्लेटचा नवीन ब्रॅकेट करून घेतला, क्रँक पुलीला एक जादा खाच असलेली पुली. दोन्ही पुल्यांवर दोरा ताणून लाइन बघितली, एक मिमीचा वॉशर लागला. मग बेल्ट जागेवर. पहिला ब्रॅकेट, त्याचा मजुरीखर्च आणि फाटलेला बेल्ट मिळून ३,१०० पाण्यात.

२५ सप्टेंबर

काही काम नाही. कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, पुण्याहून निघालाय आणि वाटेत अडकलाय. सीनेला महापूर, हायवेची वाहतूक थांबली, नदीकाठच्या गावांत घरात पाणी. आमचं मशीन केबिन अर्धवट असतानाच गाळ काढायला मागितलं, काच काढून पाठवलं. कंडेन्सरचं दुःख करायचे दिवस नाहीत हे.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. मशीनची पूजा झाली, झेंडूचा हार नवीन काचेवर, आणि त्याच दिवशी कंडेन्सर चढला.

कंडेन्सरची जागा हा एक स्वतंत्र विषय आहे. मागच्या काचेवर लावायला सगळ्यात सोपं, आणि तिथंच लावायचं नाही, कारण दार अडलं तर बाहेर पडायला मागची काच हाच दुसरा दरवाजा आहे. छतावर लावला तर उंची वाढते आणि यार्डात मशीनला कन्व्हेअरखालून जायचं असतं. मी कारखान्यात जाऊन टेप लावून आलो, छतावर १६ सेंटिमीटरपर्यंत चालतं. चपटा दोन पंख्यांचा कंडेन्सर १४ सेंटिमीटरमध्ये बसला.

पाइप कसे न्यायचे हे नीट बघा. या मशीनची केबिन सर्व्हिसिंगला मागं उलटते. हीटरचा किंवा एसीचा पाइप सरळ जवळच्या वाटेनं नेला तर केबिन उलटताना तो ताणून तुटणार, आणि एसीचा पाइप दर वेळी सोडता येत नाही, गॅस जातो. म्हणून सगळे पाइप केबिनच्या बिजागरीपाशी नेऊन तिथूनच वर चढवले, तिथं उलटताना लांबी फारशी बदलत नाही. केबिन पूर्ण उलटवून, मग परत बसवून बघितल्याशिवाय एकही क्लॅम्प घट्ट केला नाही.

व्हॅक्यूम पंप पाऊण तास, मग काटा अर्धा तास जागेवर आहे का बघितलं, मग आर-१३४ए गॅस. थंड हवा आली. ऑपरेटरनं दार लावून घेतलं आणि बराच वेळ बाहेरच आला नाही.

६ ऑक्टोबर

गारवा आला पण धूळ? अंगणात कोरडी राख टाकून मशीन फिरवलं. पंधरा मिनिटांनी डॅशबोर्डवर बोटानं नाव लिहिता येईल एवढा थर. केबिन बंद, बीडिंग नवीन, फरशी बुजवलेली, तरी.

उदबत्ती पेटवून आत बसलो, ब्लोअर फुल्ल, आणि दाराच्या कडेनं हळूहळू फिरवली. धूर बाहेर जायला पाहिजे होता, तो आत वळत होता. सगळीकडून. म्हणजे केबिन बाहेरची हवा ओढत होती. कॉम्बो युनिटचा ब्लोअर आतलीच हवा फिरवतो, त्यानं दाब वाढत नाही, आणि युनिटचा डबा मागं जिथं छताला चिकटतो तिथल्या फटीतून काही हवा बाहेर निसटत होती, तेवढी दाराच्या कडांतून आत येत होती. सगळं सील केलं तरी कुठंतरी एक फट राहणारच, प्रश्न फट असण्याचा नाहीच, त्या फटीतून हवा आत येते का बाहेर जाते एवढाच आहे. बाहेर जात असेल तर धूळ येऊ शकत नाही. ज्याला केबिन करायचीय त्यानं बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं धरून ठेवा. मी बीडिंगवर जे पैसे घातले त्यातले निम्मे आधी आतला दाब वाढवण्यावर घातले असते तर महिना वाचला असता.

दुसरी चोरी ड्रेन पाइपची. कूलिंग कॉइलचं पाणी जायला जो पाइप असतो, तो ब्लोअरच्या ओढीच्या बाजूला असल्यामुळं पाणी बाहेर सोडायचं सोडून धूळ आत ओढत होता, आणि पाणी डब्यात साठून वळणावर ऑपरेटरच्या मांडीवर. पाइपच्या टोकाला चपट्या तोंडाचा रबरी व्हॉल्व्ह लावला, ४० रुपयांचा. पाणी साठलं की तोंड उघडतं, नाहीतर मिटलेलं.

१२ ऑक्टोबर

ताज्या हवेसाठी वेगळा ब्लोअर, छताच्या पुढच्या टोकाला, कारण मागच्या जाळीतून रेडिएटरची गरम हवा आणि सायलेन्सरचा धूर वर येतो, तिथून हवा घेतली तर बंद केबिनमध्ये आपणच धूर भरतोय. ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरचा कागदी फिल्टर डब्यात बसवला, त्याच्या आधी फिरवून कचरा बाहेर फेकणारी टोपी. ही हवा युनिटच्या रिटर्नमध्ये, म्हणजे आतली हवा परत ओढायच्या तोंडात सोडली म्हणजे थंड होऊनच आत येते.

उदबत्ती परत. आता धूर दाराच्या प्रत्येक कडेतून बाहेर. दार लावताना शेवटच्या इंचाला हात थोडा दाबावा लागतो, कानाला कळतं. राखेची टेस्ट परत केली, डॅशबोर्ड साफ.

१६ ऑक्टोबर

हीटरचं प्लंबिंग, एका दुपारचं काम. गरम पाणी इंजिनच्या हेडमधून, थर्मोस्टॅटच्या आधीच्या बाजूनं, परत वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला. १६ मिमी होज. दोन्ही टोकं एकाच बाजूला जोडली तर पाणी फिरतच नाही. कॉइल छताजवळ म्हणजे इंजिनपेक्षा उंच, त्यामुळं हवा अडकते, वरच्या जोडापाशी हवा काढायचा स्क्रू ठेवला.

इंजिनपाशी बॉल व्हॉल्व्ह लावायलाच पाहिजे आणि मार्चमध्ये तो बंद करायला पाहिजे. केबिनमधला नॉब बंद केला तरी थोडं गरम पाणी झिरपत राहतं, आणि कूलिंग कॉइलच्या पुढ्यात ८५ डिग्रीची कॉइल असली की मे महिन्यात एसी स्वतःशीच भांडत बसतो. गाडीचा एसी कमी वाटतो म्हणून गॅस भरत बसणाऱ्या कितीतरी लोकांचा हा घोळ असतो.

१९ ऑक्टोबर

वायरिंग. दोन कंडेन्सर पंखे, दोन ब्लोअर, कॉम्प्रेसरचा क्लच मिळून ४० अँपिअरच्या आसपास. आधीच्या वायरवाल्यानं हे सगळं इग्निशन स्विचवरून घेतलं, स्विच हाताला चटका बसेल एवढा गरम. बॅटरीवरून ६ चौरस मिमीची वायर, प्रत्येकाला रिले, म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट जोडणारा स्विच, प्रत्येकाला फ्यूज, स्विचवरून फक्त रिलेचा इशारा.

आणि मागच्या काचेची परीक्षा. आर्म अर्धवट वर ठेवून, दार अडलेलं धरून ऑपरेटरला म्हटलं निघ आता मागून. काच रबरात बसवलेली, रबराच्या खाचेतली दोरी ओढली की काच सुटते. दोरी ओढली, ती अर्ध्यात तुटली. नायलॉनची बारीक दोरी होती, रबराला सीलंट लावल्यामुळं चिकटलेली. मामांनी धूळ येऊ नये म्हणून कुणाला न विचारता सीलंट मारलेलं. ते सगळं खरवडून काढलं, तिथं सीलंट नाहीच, जाड दोरी, तिला लाल मूठ. दुसऱ्या वेळी काच सुटली, ऑपरेटर खांदे तिरके करून बाहेर आला, पोटाशी जरा अडकला. पोट त्याचं कमी करायचं का काच मोठी करायची यावर बरीच मजा झाली, पण आतला पाना ठेवायचा डबा काढून टाकला, तोच अडवत होता.

९ नोव्हेंबर

सीझन चालू. पहिल्याच आठवड्यात दुपारी एसी बंद पडला. गॅस गेला असं वाटलं, तसं नव्हतं, प्रेशर स्विचनं कॉम्प्रेसर तोडला होता. छतावर चढून बघितलं तर कंडेन्सरवर बगॅसच्या धाग्यांची अख्खी गोधडी. हवाच जात नाही. वर स्टीलची बारीक जाळी चौकटीत बसवून दोन क्लिपवर ठेवली, चहाच्या वेळी उतरवून आपटायची आणि परत. कंडेन्सरला हवा मारायची ती खालून वर, वरून मारली तर धागे फटीत आणखी रुततात.

खर्च इथपर्यंत: सांगाडा आणि मजुरी १९,०००, काचा परत पाठवलेली धरून १३,४००, एसी-हीटर युनिट कंडेन्सर कॉम्प्रेसरसकट ५२,०००, ब्रॅकेट पुली बेल्ट ७,६००, वाया गेलेलं धरून, पाइप आणि गॅस ८,२००, रबर शीट बीडिंग ६,५००, ताज्या हवेचा ब्लोअर आणि फिल्टर ४,८००, वायरिंग ५,०००. १,१६,५०० झाले. किटच्या कोटेशनपेक्षा बरंच कमी, पण मशीन दोन महिने उभं राहिलं ते भाडं यात धरलेलं नाही, ते धरलं तर फरक फार उरत नाही. ज्यांचं मशीन बारा महिने कामाला आहे त्यांनी हिशेब आधी करावा.

१४ डिसेंबर

आता हीटर. रात्रपाळी, पहाटेची थंडी, यार्डाच्या बाजूलाच कारखान्याचा स्प्रे पाँड, म्हणजे गरम पाणी फवारून थंड करायचं तळं, त्याची वाफ सगळीकडं. बंद केबिनमध्ये माणूस श्वास घेतो, काच थंड, दहा मिनिटांत पुढची काच आतून पांढरी. ऑपरेटर फडक्यानं पुसायचा, एका हातानं पुसणं आणि एका हातानं लिव्हर, त्यात यार्डात माणसं चालत असतात. नुसता एसी लावला तर काच साफ होते पण तो कुडकुडतो. नुसता हीटर लावला तर तो गरम, पण दमट हवा दमटच. दोन्ही एकदम लावायचे: एसीची कॉइल हवेतलं पाणी काढते, हीटरची कॉइल तीच हवा गरम करून काचेवर सोडते. दोन मिनिटांत काच आरशासारखी. कॉम्बो युनिट घेतला तो यासाठी. मामा परवा रात्री यार्डात आले होते, आत बसून बघितलं, काही बोलले नाहीत, फक्त दार लवकर उघडेनात.

फिल्टरचं: कागदी फिल्टर दर चार दिवसांनी आतून बाहेर हवा मारून, महिन्यानं नवीन, ३८० रुपये. हवेचा दाब कमी झाला की उदबत्तीनं कळतं, ऑपरेटरनं आता दर सोमवारी स्वतःच लावायला सुरुवात केलीय. वायपर अजून राहिलाय, मोटर आणून ठेवलीय, दाराच्या पाइपात बसेल अशी छोटी, सीझन संपल्यावर लावू.